नामदेवरायांचा अखंड आनंद

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, श्रीनामदेव महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवशी झालेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस पत्राने विषय कळविला तो असा : ‘ईश्वरावरील विश्वास आणि चिरंतन आनंद’. असले विशाल विषय व्याख्यात्यास फार सोयीचे असतात. काहीही बोलले तरी ते विषयाला धरूनच असते, आणि तासाभराने श्रोते घरी जातात ते रिकाम्या हातांनी! परंतु आपण पिढ्यान्‌पिढ्या सुईदोऱ्यावर पोट भरलेली माणसे. माप घेतल्यावाचून कापडाला कात्री लावू नये, हा आपल्या घरांतला पहिला धडा. म्हणून सर्व जगाचा विचार बाजूस ठेवून आज एकाच पुरुषाचे माप घ्यावयाचे, असे आम्ही ठरविले आहे. तो पुरुष परका नाही. ज्यांच्या पुण्यतिथीला आपण येथे जमलो आहोत, त्या नामदेवरायांच्याच आनंदाविषयी आम्ही बोलणार आहोत.

आपल्या समाजात नामदेवांविषयी बोलणे एका अर्थी कठीण आहे. प्रत्येकाच्या घरी त्यांची तसबीर आहे. हातात वीणा, मुद्रा प्रसन्न. चित्रकाराने आनंद रेखाटला, तो योग्यच केला. पण तो आनंद कोणत्या मोलाने मिळाला हे तसबिरीत येत नाही. त्यामुळे झाले आहे असे की, महाराजांस तो जन्मतःच लाभला होता, आपल्यासारख्या संसारी माणसांचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून आपण तसबिरीस हार घालून मोकळे होतो. त्यांची गाथा ज्याने थोडी तरी वाचली आहे त्यास असे म्हणता येणार नाही. त्या गाथेत रडणे आहे, रुसणे आहे, देवाशी उघड उघड भांडण आहे. सुखवस्तू माणसाचे ते समाधान नव्हे.

आणि काळ तरी कोणता होता? परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे गाव, असे बहुतेक मानतात. काही पंढरपूर म्हणतात. १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस, ते समाधिस्थ झाले. या ऐंशी वर्षांत महाराष्ट्राने काय काय पाहिले ते ध्यानी घ्यावे. त्यांच्या पंचविशीत, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ साली यादवांचे राज्य संपले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस आणली. ज्या देशात सिंहासने अशी कोसळत होती, त्या देशात एक शिंपी चंद्रभागेच्या वाळवंटी कीर्तनात नाचत होता. त्यास काही कळत नव्हते म्हणून तो नाचत होता काय? आमचे उत्तर असे की, त्यास कळत होते. परंतु हे उत्तर त्याच्या हाती पहिल्या दिवसापासून नव्हते. ते कसे आले, हाच आमच्या भाषणाचा विषय.

प्रथम बालपणीची ती सर्वश्रुत कथा घेऊ. दामाशेटी घरी नाहीत. गोणाई पोराच्या हाती नैवेद्याचे ताट देऊन त्यास देवळात पाठविते. देव जेवत नाही असे पाहून बाळ व्याकूळ होतो, डोके आपटून प्राण द्यावयास निघतो, तेव्हा विठोबा प्रकट होऊन जेवतो. ही कथा सांगताना कीर्तनकारांचे डोळे भरून येतात आणि श्रोत्यांचेही. आम्हीही त्यास अपवाद नाही. परंतु थोडे थांबून पाहावे. या बालकाचा आनंद कशावर उभा आहे? देव जेवला, यावर. न जेवता तर? तर कपाळमोक्ष! हा विश्वास निर्मळ आहे, यात शंका नाही. मात्र त्याला एक अट शिवलेली आहे. माझ्या मनासारखे झाले तर तू माझा देव, आणि मग मी आनंदी. बालकास ही अट शोभते. आपण चाळिशी-पन्नाशीची माणसे तीच अट घेऊन देवळाच्या पायऱ्या चढतो, हे मात्र शोभत नाही.

नामदेव पुढे तरुण झाले, तरी ही अट त्यांच्या भक्तीत होती, असे संतपरंपराच सांगते. विठोबा आपणाशी बोलतो, आपले हट्ट पुरवितो, या लाडात ते वाढले. मग तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताबाईने थट्टेने विचारले की, काका, तुम्ही कुंभार, यांतले कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते सांगा बरे. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव चिडले. निवाडा झाला : हे मडके कच्चे. बंधुभगिनींनो, आपल्या समाजाच्या मुकुटमण्याचा भरसभेत झालेला हा अपमान संतांनी लपविला नाही आणि पुढच्या पिढ्यांनीही तो कथेतून गाळला नाही, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. आज एखाद्या समाजाच्या स्मरणिकेत त्यांच्या थोर पुरुषास कोणी कच्चे म्हणून तर पाहावे!

नामदेव रागाने पंढरीस आले आणि त्यांनी विठोबाकडे गाऱ्हाणे केले. कथा सांगते की, देवानेही त्या निवाड्यास मान डोलावली व गुरू करावयास सांगितले. त्याप्रमाणे ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. तेथे पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे तूच माझे पाय नेऊन ठेव. जेथे जेथे पाय ठेवावे तेथे तेथे पिंड! या कथेतला चमत्कार ज्यांस मानावयाचा त्यांनी मानावा, न मानावयाचा त्यांनी मानू नये. तिचा आशय त्यावर अवलंबून नाही. नामदेवांचा आनंद आजवर एका देवळात, एका मूर्तीपुढे, एका लाडात राहत होता. विसोबांनी तो तेथून उसवला. उसवणे म्हणजे फाडणे नव्हे, हे आपणांस सांगावयास नको. चुकलेली शिवण उसवल्यावाचून कपडा अंगास बसत नाही.

आणि ही शिवण वेळेवर उसवली गेली, असे म्हणावे लागते. कारण पुढे १२९६ साली, ज्या वर्षी देवगिरीवर स्वारी झाली त्याच वर्षी, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेव तेव्हा सव्वीस वर्षांचे. ज्यांच्यासह तीर्थयात्रा केली, ज्यांच्या संगतीत जीव रमला, तो सखा डोळ्यांदेखत विवरात उतरला. पुढल्या वर्षाच्या आत सोपानदेव सासवडास गेले, मुक्ताबाई गेली, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी गेले. समाधीच्या प्रसंगाचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत ते वाचताना आजही कंठ दाटतो. त्यांत कोठेही शोक झाकलेला नाही. ‘देवाच्या इच्छेने झाले, मग रडावयाचे कशास’ असा कोरडा उपदेश त्यांत नाही. आपल्याकडे कोणाचे निधन झाले म्हणजे सांत्वनास आलेली मंडळी पहिल्याच दिवशी असे बोलू लागतात. ही विश्वासाची खूण नसून घाईची खूण आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नामदेव रडले, पोटभर रडले. परंतु त्यांचे गाणे थांबले नाही. ज्ञानदेव गेले त्या दिवसापासून पुढे चौपन्न वर्षे ते गात राहिले.

सुख आणि आनंद यांतला भेद आम्हांस येथे दिसतो. तात्त्विक व्याख्या करण्याचा आमचा अधिकार नाही. इतकेच म्हणतो की, सुखाला दुःख आले की जागा सोडावी लागते, आनंदाला ती सोडावी लागत नाही. एकाच घरात दोघे राहू शकतात. ज्या घरात असे घडते तेथे विश्वास नावाचा यजमान असतो.

आता एक प्रसंग असा सांगतो की, तो सांगताना आपल्या समाजातील मंडळी थोडी बिचकतात. गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांतील एका पदात नामदेव स्वतःच आपबीती सांगतात. आपण हसत-खेळत देवाच्या देवळी आलो, भक्ती करीत असताना आपणांस धरून बाहेर काढले, आपली जात हीन, या जातीत जन्म कशास दिला, अशी देवाजवळच विचारणा करतात. आणि घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसतात. परंपरा ही घटना औंढ्याचीच मानते. पुढे देऊळ फिरले व देवाचे मुख त्यांच्याकडे झाले, ही कथा आपण सारे सांगतो. फिरलेल्या देवळाचा अभिमान बाळगतो, आणि त्याआधी आपल्या माणसास बाहेर काढले होते हे मात्र हळू आवाजात सांगतो. आम्हांस त्या पदात सर्वांत मोलाचे वाटते ते घोंगडी उचलून मागे जाऊन बसणे. त्यांनी अपमान गिळला नाही. देवासच जाब विचारला. पण देवाचे नाव टाकून ते घरी निघून गेले नाहीत. पुजाऱ्यांनी देवळाचे दार बंद केले, म्हणून देवाचे दार बंद झाले असे त्यांनी मानले नाही. माणसाचा अपराध त्यांनी देवाच्या खात्यावर मांडला नाही. हसत-खेळत आलेल्या माणसाचे हसू दारातून बाहेर लोटल्यावर कदाचित मावळले असेल. गाणे मावळले नाही.

अशा माणसाने पुढे काय केले तेही पाहावे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा गेले, ते साल परंपरेने १३३८ धरतात. नामदेव तेथे गेले, त्यांच्या अस्थी गोळा करून त्यांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. जिवंतपणी ज्या चोखोबांस देवळात पाऊल टाकता आले नाही, त्यांस नामदेवांनी देवाच्या समोरचे स्थान दिले. ते दार त्यांच्या बांधवांस उघडण्यास पुढे सहाशे वर्षे लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींस त्यासाठी प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. ईश्वरावरील विश्वासाने माणूस स्वतःपुरते समाधान मानून गप्प बसतो, असा जो आक्षेप घेतात त्यांनी नामदेवांची मंगळवेढ्याची वाट एकदा डोळ्यांपुढे आणावी.

परंतु दुसरा एक आक्षेप याहून जवळचा आहे, आणि तो घेणारी बाहेरची कोणी नसून घरातलीच आहे. आम्ही राजाईविषयी बोलत आहोत. गाथेत गोणाईच्या व राजाईच्या नावावरचे अभंग आहेत. त्यांत घरातली ओढाताण आहे, मुलाबाळांची चिंता आहे, देवापायी वेड्या झालेल्या पुरुषाच्या संसाराची धूळधाण आहे. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र, लिंबाई ही कन्या, सुना, वृद्ध आई, घरी वाढलेली जनाबाई. एवढे मोठे कुटुंब! परिसा भागवताच्या घरचा परीस राजाईने मागून आणला, तो नामदेवांनी चंद्रभागेत टाकून दिला, ही कथा कीर्तनात रंगून सांगतात. नंतर त्यांनी ओंजळभर खडे काढून दिले व ते सारे परीस निघाले, येथे टाळ्या पडतात. आम्हांस मात्र त्या वेळी राजाईचे मुख दिसते. तिला परीस लोभासाठी नको होता. तिला चूल पेटवावयाची होती. या सभेत बसलेल्या माताभगिनींपैकी कित्येकींनी संसाराचे टोक टोकास कसे जुळविले आहे ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. राजाईची बाजू ऐकल्यावाचून विश्वासाच्या गोष्टी सांगणे म्हणजे शिळोप्याच्या गप्पा होत.

मग नामदेवांजवळ राजाईस काही उत्तर होते काय? तिच्या संसाराच्या प्रत्येक प्रश्नास होते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हात सोडून बसावे, असे त्यांनी शिकविले नाही, याची साक्ष दूर पंजाबात सापडते. गुरू ग्रंथसाहेबात कबीरांच्या दोह्यांमध्ये नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक संवाद आहे. त्रिलोचन मित्रत्वाने टोचतो की, नामा, तू मायेत गुंतलास. कापड छापीत काय बसतोस, रामाकडे चित्त का लावीत नाहीस? नामदेवांच्या उत्तराचा भाव असा की, तोंडाने राम म्हणावे, हातापायांनी सारे काम करावे आणि चित्त त्याच्यापाशी ठेवावे. उत्तरेत नामदेवांस कापडावर छाप उमटविणारे छीपा मानतात, म्हणून येथे छापण्याचा उल्लेख आला. काम सोडावयाचे नाही. कामातून मन कोठे ठेवावयाचे ते ठरवावयाचे. दुसऱ्या एका पदात त्यांनी पतंग उडविणाऱ्या पोराचा दृष्टांत दिला आहे. पोरगा सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण लक्ष दोरीवर. पाण्याच्या घागरी घेऊन येणाऱ्या मुली हसतात, बोलतात, पण लक्ष घागरीवर. आणखी एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही आपलीच हत्यारे त्यांनी नामस्मरणाच्या कामी लावली आहेत. देवळातून बाहेर काढलेल्या शिंप्याने आपली हत्यारे टाकून दिली नाहीत, देवापुढे नेली!

जनाबाईचेही तेच. गंगाखेडची पोर दामाशेटींच्या घरी आली, आयुष्यभर दळण, कांडण, शेणगोठा तिच्या वाट्यास आला. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात विठोबाचा आहे, ही तिची श्रद्धा. दळण कमी झाले नाही. एकटेपण मात्र गेले. येथून जवळच अरणास सावता माळी मळा सोडून पंढरीस गेले नाहीत आणि देवास काही त्यांचा पत्ता चुकला नाही. या सर्वांची शिकवण एकच दिसते, म्हणून ती वेगवेगळी सांगत बसत नाही.

विश्वास म्हणजे काय, हे आपल्या धंद्यातल्या माणसास जितके लवकर कळावे तितके इतरांस कळणार नाही, असे आम्हांस नेहमी वाटते. गिऱ्हाईक आपल्याकडे येते तेव्हा कोरे, अखंड कापड आपल्या हाती देते. मुलीच्या लग्नाचे असेल, वर्षभर पैसे साठवून घेतलेले असेल. आणि आपण पहिली गोष्ट कोणती करतो? खडूने रेघा मारतो आणि त्यावर कात्री चालवितो. ते कापड बोलू शकते तर ओरडले असते. गिऱ्हाईक मात्र निश्चिंत घरी जाते. का? त्याने बेत पाहिलेला नसतो. बेतणाऱ्यास पाहिलेले असते. कोठला तुकडा बाहीचा, कोठला गळ्याचा, कातरणे म्हणून टेबलाखाली काय पडणार, हे त्यास ठाऊक नसते. हाच विश्वास.

आम्हांस कल्पना आहे की, हा दृष्टांत फार ताणता येत नाही. शिवलेला कपडा चार दिवसांनी गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. आपल्या आयुष्याचा कपडा पुरा झालेला आपणांस पाहावयास मिळेलच असे नाही. लहान मूल गेले, तरणाताठा कर्ता पुरुष गेला, तर हे अमक्या कारणासाठी बेतले होते असे कोणी आम्हांस सांगू लागल्यास आम्ही ते मानणार नाही, आणि आपणही कोणास सांगू नये. नामदेवांनीसुद्धा ज्ञानदेवांच्या समाधीचा हिशेब मांडला नाही. ज्याच्या हाती कापड दिले त्यास त्यांनी ओळखले, इतकेच. मात्र ही ओळख चार दिवसांत होत नाही. नव्या शिंप्याकडे कोणी लग्नाचा शालू देत नाही. आधी साधा सदरा देऊन पाहतात. रोजचे थोडे नामस्मरण, रोजच्या लहानसहान काळज्या त्याच्या हाती देऊन पाहणे, हा तो साधा सदरा होय.

येथे एका गोष्टीविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. विश्वासाच्या नावावर आज सौदा फार चालला आहे. अमुक वार धरा, अमुक खडा बोटात घाला, इतके रुपये अमक्या महाराजांच्या चरणी ठेवा, म्हणजे परीक्षा पास, नोकरी पक्की, लग्न ठरले! भ्रमणध्वनीवर येणारे संदेश तर धमकी देतात की, अकरा जणांस पाठविले नाही तर अनिष्ट होईल. ज्या देवाच्या नावाने धाक घालावा लागतो त्या देवावर कोणाचा विश्वास आहे, असे समजावे? नामदेवांच्या बालपणीच्या अटीत निदान निरागसपणा होता. या सौद्यात तोही उरला नाही. सौद्यात मिळते ते फार तर सुख, आणि मिळाले नाही तर मनुष्य देवावरच उलटतो. आपल्या तरुण मुलामुलींनी या बाजारापासून दूर राहावे. त्यांस देव मानवत नसेल तर त्याविषयी आमच्यासारख्यांशी खुशाल वाद घालावा. तो वाद नामदेवांनी देवाशी केलेल्या वादाहून मोठा असणार नाही.

विसोबांनी जी शिवण उसवली तिचे मोल आपल्या पिढीस २०२० साली कळले. करोनाच्या साथीत पंढरीचे देऊळ भाविकांस बंद झाले. शतकांची पायी वारी थांबली. ३० जून २०२० रोजी, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, संतांच्या पादुका एस. टी. च्या बसमधून पंढरीस गेल्या. पुढल्या वर्षीही पायी वारी नव्हती. २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली. वर्षानुवर्षे न चुकलेले वारकरी ती दोन वर्षे उंबऱ्याच्या आत बसले. त्यांतले काही खचले, हे खरे. पण काहींनी अंगणात, गच्चीवर, दोन खोल्यांच्या घरात टाळ घेतला. त्यांच्या ध्यानी आले असावे की, आपले देव दाराआड राहणारे नव्हते. स्वतः नामदेव तरी आयुष्याचा केवढा काळ पंढरीपासून दूर राहिले! ज्या पोराचा आनंद एका मूर्तीच्या जेवण्यावर टांगलेला होता, तोच उतारवयात परक्या मुलखात, परक्या भाषेत, विठोबाचे देऊळ नाही अशा ठिकाणी गात होता. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, दरवर्षी माघात तेथे जत्रा भरते. महाराजांनी देह तेथेच ठेवला असे पंजाबातील भाविक मानतात. आपण पंढरीच्या महाद्वारातील पायरी दाखवितो. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानास भरले, तेव्हा या दोन टोकांस पुन्हा एक टाका पडला. पंजाबातील छीपा, छिंबा बांधव स्वतःस नामदेवांचे म्हणवितात, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. आपला समाज आपल्या निमंत्रणपत्रिकांच्या यादीपेक्षा मोठा आहे. देह कोठे ठेवला, या वादात आम्ही पडत नाही. संतांची पायधूळ लागावी म्हणून ज्याने महाद्वारातील पायरी होणे मागितले, त्यास जागेचा अभिमान उरला नव्हता, एवढे निश्चित.

वेळ बराच झाला आहे. एवढी एक हकिगत सांगून थांबतो, कारण ती आपल्यातलीच आहे. २०२१ सालच्या दुसऱ्या लाटेत आपल्या समाजातील एका भगिनीचे यजमान गेले. मुले शाळेत. दुकान भाड्याचे. तयार कपड्यांच्या धंद्यापुढे ते आधीच कसेबसे तग धरून होते. टाळेबंदी उठल्यावर तिने दुकान उघडले, तेव्हा टेबलावर यजमानांनी बेतून ठेवलेली चौदा कापडे तशीच होती. प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. तिला स्वतःला काज-बटण, तुरपाई, फार तर सरळ शिलाई एवढेच येत होते. नातेवाइकांनी सांगितले, लोकांची कापडे लोकांस परत कर आणि दुकान मोकळे कर. तिने ऐकले नाही. एका वृद्ध कारागिराकडून बाही जोडणे, गळा बसविणे शिकली आणि दोन महिन्यांत चौदाही कपडे पुरे करून गिऱ्हाइकांच्या घरी पोचविले. यजमानांच्या कात्रीने बेतलेले, तिच्या हाताने शिवलेले.

आम्ही तिला भेटावयास गेलो होतो. यंत्राशेजारी भिंतीवर नामदेवांची तसबीर, आणि ती काम करता करता हळू आवाजात अभंग म्हणत होती. आम्ही भीत भीतच विचारले, बाई, रडू येत नाही का? ती म्हणाली, “येते तर. पण काका, तेव्हा मी यंत्र थांबविते. लोकांच्या कापडावर डाग नको.” आणि मग जरा हसली. तिला सुखी म्हणणे लबाडीचे होईल. त्या हसण्याला काय म्हणावे हे आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो, आणि मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्हांस प्रथम तेच आठवले.

ती भगिनी आज या सभेत आहे. नाव घेतलेले तिला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. भजनी मंडळ केव्हाचे टाळ घेऊन बसले आहे आणि त्यात तिचाही टाळ आहे. त्यांना अधिक ताटकळत ठेवणे योग्य नव्हे.